आरोपाचे वय

सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीवर दर शनिवारी पाच-सहा तरुण कविता घेऊन येतात. परवा त्यांतल्या एकाने विचारले, "सर, ही कविता सभेत वाचली तर चौकशी होईल का?" वृत्त चुकले का, हे विचारायच्या वयात मुले कलमे विचारू लागली आहेत.

ही भीती हवेतून आलेली नाही. २००२च्या गुजरात दंगलींनंतर पुण्यातल्याच तरुणांनी कबीर कला मंच उभा केला. डफ घेऊन ही मुले वस्त्यांमधून जातिअंताची गाणी म्हणत. २०११मध्ये माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून त्यांच्यापैकी काहींना अटक झाली, काही भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले. गरोदर असलेल्या शीतलला त्याच वर्षी जूनमध्ये जामीन मिळाला. सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या जामिनासाठी जानेवारी २०१७पर्यंत थांबावे लागले. पुढे सप्टेंबर २०२०मध्ये एल्गार परिषद प्रकरणात गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली.

दुसरे उदाहरण माझ्या समाजातले. १९७७मध्ये अलीगढला स्थापन झालेल्या 'सिमी' या विद्यार्थी संघटनेवर सप्टेंबर २००१मध्ये बंदी आली, ती अजून आहे. धर्माचे राज्य मागणारा तिचा विचार मला कधीच पटला नाही. पण २००६च्या मालेगाव स्फोटांनंतर 'सिमी'शी नाव जोडून नऊ जणांना पकडले गेले. बहुतेकांची पाच वर्षे कोठडीत गेली. २०१६मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, तोवर त्यांतला एक जण हे जग सोडून गेला होता.

सरकारने तपास करू नये, असे मी म्हणणार नाही. गडचिरोलीत पोलीस आणि आदिवासी मारले गेले आहेत. मालेगावात नमाजानंतर घरी निघालेली माणसे गेली. बंदूक आणि बाँब यांना माझ्या लेखी माफी नाही, मग ते हात कोणत्याही धर्माचे वा झेंड्याचे असोत. पण कृती कोणाची, हे पुराव्याने आणि वेळेत ठरले पाहिजे.

गाठ नेमकी इथेच बसते. बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्यात २००८च्या दुरुस्तीने अशी तरतूद आली, की आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर न्यायालयाने जामीन द्यायचा नाही. बंदी घातलेल्या संघटनेचे नुसते सदस्यत्वही गुन्हा ठरते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३मध्ये दिला. म्हणजे दार लवकर बंद होते आणि खटला मात्र सावकाश चालतो.

आपल्या पुण्याचाच इतिहास पाहा. रँडच्या खुनानंतर लोकमान्य टिळकांना २७ जुलै १८९७ रोजी अटक झाली आणि १४ सप्टेंबरला राजद्रोहाची शिक्षाही झाली. तो निकाल अन्यायाचाच होता, पण दोन महिन्यांच्या आत लागला. आज अन्याय झाला की न्याय, हे कळायलाच दहा-दहा वर्षे लागतात. विशीत पकडलेला मुलगा तिशीत निर्दोष सुटतो, तेव्हा त्याचे शिक्षण, नोकरी, लग्न यांच्या वेळा टळून गेलेल्या असतात. आरोप मागे घेता येतो, वय घेता येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. असे खटले रोजच्या रोज चालवा. ठराविक मुदतीत साक्षी सुरू झाल्या नाहीत, तर जामीन द्या. निर्दोष सुटलेल्याला भरपाई द्या, आणि अटकेची बातमी ज्या पानावर छापली, त्याच पानावर सुटकेचीही छापा. आपणही आपल्या आवडत्या संघटनेला एक आणि नावडतीला दुसरे माप लावू नये.

त्या मुलाला मी म्हटले, "वाच. मात्र हिंसेची भलामण त्यात येऊ देऊ नकोस, आणि खाली स्वतःचे नाव घाल." त्याने कविता घडी करून खिशात ठेवली. त्याने ती वाचावी, आणि ऐकायला आपण समोर असावे, एवढेच मला वाटते.