सही कुणाची, कर्ज कुणाचे?



आयाबहिणींनी जरा पुढे सरकून बसावे. आज कर्जाविषयी बोलायचे आहे. कर्ज काढू नका, असे आम्ही सांगणार नाही. पेरणी आली की कर्ज लागते. म्हैस घ्यायची, विहिरीवर मोटार बसवायची, तरी लागते. आज बोलायचे ते एवढेच, की नवऱ्याने कर्ज थकवले तर बायकोला कर्ज मिळते का? आणि बायकोने थकवले तर नवऱ्याला?

मागल्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका गावी आमच्या वर्गातली एक बाई आमच्याकडे आली. डोळ्यांत पाणी होते. म्हणाली, "गुरुजी, म्हशीसाठी कर्ज मागितलं. साहेब म्हणाले, ताई, तुमचं सिबिल खराब आहे. मी तर जन्मात कुणाच्या रुपयाला मिंधी नाही. माझं खराब कसं झालं?"

सिबिल म्हणजे काय, ते आधी सांगतो. गावात आता लहान पोरसुद्धा हा शब्द बोलते. पूर्वी सावकाराची चोपडी असे. कोण वेळेवर देतो, कोण तोंड चुकवतो, ते सावकाराला ठाऊक. पण ती चोपडी गावापुरती. आता साऱ्या देशाची एक मोठी चोपडी झाली आहे. २००० साली सिबिल नावाची कंपनी निघाली. २००५ साली त्यासाठी कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत. कोणी किती कर्ज घेतले, कोणता हप्ता चुकला, हे बँका आणि फायनान्सवाले त्यांना कळवतात. त्यावरून माणसाला आकडा मिळतो. तो ३०० पासून ९०० पर्यंत असतो. ७५० च्या पुढे असला तर चांगला समजतात. यालाच आपण पत म्हणतो.

आता नीट ऐका. या चोपडीत नवऱ्याचे पान वेगळे आणि बायकोचे पान वेगळे. लग्न लागले म्हणून दोन पाने एकमेकांना चिकटत नाहीत. सातबाऱ्यावर दोघांची नावे आहेत, म्हणूनही चिकटत नाहीत. पती ही एक गोष्ट आणि पत ही दुसरी! (हसू नका मावशी, खरेच आहे.)

मग त्या बाईचे पान कशाने बिघडले? आम्ही विचारले, "ताई, कुठं सही केली होती का?"

ती म्हणाली, "नाही बाई."

थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ह्यांच्या मोटारसायकलीच्या कागदावर केली होती. दुकानातच. तिथला माणूस म्हणाला, घरच्या माणसाची एक सही लागते, नुसती आपली रीत म्हणून."

झाले! रीत नव्हती ती. त्या कागदावर ती सहकर्जदार होती. सहकर्जदार म्हणजे बरोबरीने कर्ज घेणारा. ते कर्ज नवऱ्याच्या पानावर लागले, तसेच तिच्याही पानावर लागले. अर्धे तुझे, अर्धे माझे, असे यात नसते. दोघांच्याही पानावर पुरे कर्ज. हप्ता चुकला की दोन्ही पानांवर डाग.

जामीनदाराचेही तेच. १८७२ सालचा करारांचा कायदा आहे. कागदात वेगळे लिहिले नसेल तर कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची, असे तो सांगतो. "आधी त्याला धरा, मग माझ्याकडे या," असे जामीनदाराला म्हणता येत नाही. 'मी फक्त जामीन आहे,' हे वाक्य आम्ही गावोगाव ऐकतो. त्यातल्या 'फक्त' ला काही अर्थ नाही.

त्या दिवशी आम्हाला वाईट वाटले, आणि लाजही वाटली. त्या बाईला सही आम्हीच शिकवली होती. अंगठा सुटला म्हणून वर्गात पेढे वाटले होते. पण सहीच्या वर काय छापले आहे, ते वाचायला शिकवायचे राहूनच गेले होते.

नवरा काही वाईट माणूस नव्हता, हेही सांगितले पाहिजे. सोयाबीन पाण्यात गेले आणि चार हप्ते चुकले. बायकोला कशाला घोर, म्हणून तो घरात बोलला नाही. पुढे त्याने पैसे भरलेही. पण न बोलल्याने घोर टळला नाही, नुसता वर्षभर लांबला.

आता गटाच्या कर्जाची गोष्ट. ती वेगळी आहे. गटात पाच-दहा बाया मिळून फायनान्सवाल्यांकडून कर्ज घेता, ते. तिथे सही नसली तरी नवऱ्याचे कर्ज आडवे येते. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने अशा लहान कर्जांसाठी नियम केला. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी हे कर्ज आहे. घर म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुले. साऱ्या घराच्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत.

समजा, घरात महिन्याला १६,००० रुपये येतात. निम्मे म्हणजे ८,०००. नवऱ्याचा हप्ता ५,५०० चा चालू आहे. बायकोला नवे कर्ज पाहिजे, त्याचा हप्ता ३,०००. बेरीज झाली ८,५००. कर्ज मिळणार नाही. यात तिची पत खराब नाही, कदाचित नवऱ्याचीही नाही. घराच्या गळ्यापर्यंत पाणी आले आहे, एवढेच. हा नियम आम्हाला बरा वाटतो. एक गट फेडायला दुसरा गट आणि दुसरा फेडायला तिसरा, यात किती घरे बुडाली, ती तुम्ही पाहिली आहेत.

आणि उलटा प्रकारही आहे. कर्ज बायकोच्या नावावर काढायचे आणि पैसे नवऱ्याने न्यायचे. मग हप्त्याच्या दिवशी ती बाई शेजारणीकडे उसने मागत फिरते. पैसा कोणी खर्च केला, ते चोपडीत लिहीत नाहीत. कोणाच्या नावावर निघाला, ते लिहितात.

एका सभेत एका म्हाताऱ्या आजींनी विचारले, "मालक वारले तर?" कर्जाच्या कागदावर बाईची सही असेल तर देणे तिच्यावर उभेच राहते. सही नसेल तर मालकाने मागे जे ठेवले, जमीन असो की जनावर, तेवढ्यातूनच सावकाराला किंवा बँकेला मागता येते. तिच्या स्वतःच्या कमाईतून नाही. कर्जाबरोबर विमा काढलेला असतो पुष्कळदा. तो कागद शोधावा. वसुलीवाला आपण होऊन सांगेलच, असे नाही.

आता त्या बाईचे पुढे काय झाले ते सांगतो. आधी तिचे पान मागवले. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपले पान फुकट मिळते. २०१७ पासून तसा नियम आहे. मोबाईलवर निघते. शिकलेल्या पोराला जवळ बसवावे, पण फोनवर आलेला आकडा परक्याला सांगू नये. "पाचशे द्या, सिबिल धुऊन देतो," म्हणणारे बाजारात फिरतात. त्यांना दारात उभे करू नका. खरी नोंद पैशाने पुसत नाही.

पान वाचले तर नवऱ्याने भरलेले दोन हप्ते अजून बाकी दिसत होते! पावत्या घरात पिठाच्या डब्याखाली सापडल्या. त्या जोडून तक्रार केली. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे. नाही लागला तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. इथे तेवढी वेळ आली नाही. नोंद दुरुस्त झाली. पण जे हप्ते खरोखर उशिरा गेले होते, ते उशिराचेच राहिले.

उरलेले हप्ते आता ती स्वतः विचारून भरून घेते. फायनान्सवाला म्हणत होता, "थोडी सूट देतो, तडजोड करून मिटवा." तिने नाही म्हटले. तडजोडीने मिटवलेले कर्ज चोपडीत तसेच लिहिले जाते, आणि पुढचा साहेब ते पाहून मान हलवतो. पुरे फेडून बेबाकीचा दाखला घ्यायचा, असे दोघा नवराबायकोने ठरवले आहे.

म्हैस अजून आलेली नाही. परवा तिचा दीर एक कागद घेऊन आला. "वहिनी, इथं फक्त एक सही पाहिजे," म्हणाला. तिने कागद घडी करून ठेवून घेतला. भावजी रुसून गेले आहेत. उद्या रात्री ती तो कागद वर्गात आणणार आहे, आणि आम्ही सगळे कंदिलाभोवती, म्हणजे आता बल्बाखाली, बसून तो पहिल्या ओळीपासून वाचणार आहोत.