दोर सांभाळणारा हात



अमेरिकेच्या योसेमिटी दरीत 'एल कॅपिटन' नावाचा सुमारे 3000 फूट उंच, ग्रॅनाइटचा उभा कडा आहे. 27 डिसेंबर 2014 रोजी टॉमी कॉल्डवेल व केव्हिन जॉर्जसन यांनी त्याच्या 'डॉन वॉल' या अंगाने मुक्त आरोहण आरंभिले. मुक्त आरोहणात दोर पडणाऱ्याला सावरतो, वर ओढून नेत नाही. चढावयाचे ते आपल्याच बोटांनी. कॉल्डवेलच्या डाव्या तर्जनीचा अग्रभाग तर 2001 साली करवतीने तुटलेला!

15व्या टप्प्यावर जॉर्जसन सात दिवसांत पुन्हा पुन्हा कोसळला. बोटांची कातडी सोलवटली. कॉल्डवेल अवघड टप्पे ओलांडून गेला होता. अनेक वर्षांच्या ध्यासाचा माथा समोर होता, हवा केव्हाही फिरली असती. तरीही एकट्याने जाणे त्याने नाकारले. 9 जानेवारीला जॉर्जसनने तो टप्पा सर केला आणि 14 जानेवारी 2015 रोजी दोघे एकत्रच माथ्यावर पोहोचले.

चिकाटी ज्याची त्यालाच धरावी लागते. परंतु पडल्यावर पुन्हा कड्याला भिडण्याचे बळ येते ते दोर सांभाळणाऱ्या हाताच्या भरवशावर. संस्थांची शतकेही अशाच हातांवर उभी राहतात.