पांढरे आणि रिकामे

श्रोतेहो, चित्राविषयी रेडिओवरून बोलायचे म्हणजे पंगतीचे वर्णन ऐकवून पोट भरण्यासारखे आहे. तरीही बोलतो, कारण शाळेचे प्रमाणपत्र असो, जत्रेचा फलक असो की लग्नाची पत्रिका, ती आता संगणकावर नाहीतर मोबाईलवर तयार होते, आणि करणारा बहुधा तुमच्याच वर्गातून बाहेर पडलेला एखादा मुलगा असतो.

आमच्या अवसरी खुर्दला एका घरी दशक्रियेचा फलक करायचा होता. गेलेल्या आजोबांचा घरात एकच फोटो. पांढऱ्या भिंतीपुढे उभे, डोक्याला पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा. शेजारच्या मुलाने फोटो संगणकात घेतला, ‘पांढरे तेवढे काढून टाक’ असा यंत्राला हुकूम सोडला, मागे निळे आकाश घातले आणि आजोबांना सावलीही दिली. घरची मंडळी पाहायला जमली, तर आजोबांच्या डोक्यावर टोपी नाही! टोपीच्या जागी आकाश. सदऱ्यालाही भोके पडलेली. आजी काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या.

पोरगा हुशार होता, घाईत फसला. यंत्राला पांढरे तेवढे कळते. टोपीचे पांढरे कोणते आणि भिंतीचे कोणते, हे त्याला माणसाने सांगावे लागते. पांढरा हा एक रंग आहे. रिकामे म्हणजे तिथे रंगच नाही. हा फरक ध्यानात आला नाही, की पुढचे सगळे बिघडते.

एक प्रयोग करून पाहा. गुरुजींनी तर तो वर्गातच करावा. पिंपळाचे एक पान कोऱ्या कागदावर चिकटवा, दुसरे काचेच्या तुकड्यावर. दोन्ही जमिनीपासून वीतभर वर उन्हात धरा. काचेखाली पानाची सावली उमटेल, अगदी देठासकट. काचेची कड जराशी जाणवेल इतकेच. कागदाखाली मात्र नुसता चौकोन पडेल. शाळेच्या बोधचिन्हाला सावली द्यायला जावे आणि सावली पडावी चौकोनाची, असे झाले की समजावे, आपले चिन्ह अजून कागदावर आहे, काचेवर आलेले नाही.

हे आत चालते कसे? संगणकातले चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. पारदर्शक चित्रात त्याला चौथा आकडा जोडतात: हा ठिपका मागचे किती झाकतो? 0 म्हणजे काच, 255 म्हणजे भिंत, आणि मधले आकडे आकाशकंदिलाच्या कागदासारखे, थोडे झाकणारे, थोडे दिसू देणारे. हा आकडा रंगांबरोबरच साठवण्याची युक्ती एड कॅटमल आणि अॅल्व्ही रे स्मिथ या दोघांनी 1970 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये काढली. त्याला ग्रीक लिपीतल्या पहिल्या अक्षराचे नाव मिळाले, अल्फा. पुढे 1984 साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रावर चित्र ठेवण्याचे सगळे गणित नीट मांडले. सावली पाडताना यंत्र रंगांकडे बघतच नाही. तो चौथा आकडा तेवढा उचलते, काळा करते, थोडा सरकवते आणि पुसट करते. जिथे तिथे 255 असेल, तर चौकोनाशिवाय दुसरे पडणार काय?

गिंप नावाचे एक सॉफ्टवेअर आहे, ते फुकट मिळते. त्यात चित्राच्या थराला आधी अल्फा जोडून घ्यावा लागतो. नाहीतर तुम्ही खोडता आणि खाली पुन्हा पांढराच रंग येतो. रिकामी जागा तिथे फिकट-गडद चौकटींनी दाखवतात, बुद्धिबळाच्या पटासारख्या. त्या चौकटी छापल्या जात नाहीत. पण इंटरनेटवरून उतरवलेल्या काही चित्रांत त्या चक्क रंगवलेल्याच असतात! अशी फसवणूक मीही एकदा पदरात घेतली आहे. थर चिन्हाच्या कडेला अगदी चिकटून कापलेला असला, तर कधी कधी सावली सुरीने कापल्यासारखी तुटते. म्हणून भोवती मोकळी जागा ठेवावी. केसांभोवती पांढुरकी रेघ राहते, तिचे कारण असे, की कडेच्या ठिपक्यांत केस आणि भिंत यांचे रंग आधीच मिसळलेले असतात. तिथे निवड एकदोन ठिपके आत घ्यावी.

आणि जतन करताना पीएनजी निवडा. जेपीजीत चौथ्या आकड्याला जागाच नाही. काचेचा पुन्हा कागद होतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेत तरी तेच. दस्तऐवज म्हणून पाठवा.

त्या रात्री मी आणि तो मुलगा पुन्हा बसलो. मूळ फोटोची प्रत त्याने बाजूला ठेवली होती, हे नशीब. या खेपेला खोडले काहीच नाही, ‘मास्क’ लावला. मास्कने भाग झाकला जातो, नाहीसा होत नाही, चुकले तर परत उघडता येतो. पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या टोपीची कड हाताने शोधायची, पाऊण तास त्यातच गेला. सावली अगदी हलकी ठेवली.

सकाळी आजींनी फलक बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, “टोपी वाईच वाकडी हाय. तशीच घालायचे ते.”