पात्याचं भोक आणि आतली साय

मी भोसरीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. माझं काम भोकं बघायचं. हसू नका! सासूबाईही म्हणतात, "दिवसभर भोकं बघायचे पैसे देतात होय?"

विमानाच्या जेट इंजिनात टर्बाइनची पाती असतात, निकेलच्या मिश्रधातूची. तिथला वायू इतका तापतो की पातं वितळून जाईल. म्हणून त्याला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची भोकं पाडतात. त्यांतून त्यामानाने थंड हवा बाहेर येते आणि पात्यावर पांघरुणासारखी पसरते. आमच्याकडे या धातूच्या नमुना पट्ट्या येतात.

लेसर भोक क्षणात पाडतो. पण वितळलेला सगळा धातू बाहेर उडत नाही. थोडा आतल्या भिंतीवर पुन्हा थिजतो, कढईच्या कडेला पाक थिजतो तसा. ही साय केसाहून पातळ, पण ठिसूळ, आणि तिच्यात तडे असतात. इंजिन तापतं, निवतं, पुन्हा तापतं, की तडा खोल सरकतो. नवीन असताना मी एक पट्टी वरून भिंगाने बघून पास केली होती. नंतर ती कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर आत तडा! साहेब रागावले नाहीत. मला तिथेच बसवून तो तडा मोजायला लावला. ते जास्त लागलं.

दुसरी रीत विजेची. दागिन्याला मुलामा देतात ना, ते उलटं करायचं. वस्तू धन टोकाला, हत्यार ऋण टोकाला, मधून मिठाचं किंवा सोडियम नायट्रेटचं पाणी जोरात वाहतं आणि वस्तूचा धातू विरघळत जातो. वितळणं नाही, म्हणून साय नाही. पण काम सावकाश, आणि वीज आजूबाजूला पसरून भोकाचं तोंड फाकतं.

मग दोन्ही एकत्र केलं. क्षाराच्या पाण्याची बारीक धार पट्टीवर सोडायची आणि लेसर त्या धारेतूनच खाली न्यायचा. यासाठी हिरवा लेसर चालतो, कारण पाणी तो फारसा शोषत नाही. लेसर भोक पाडतो, धार गारवा देते आणि कचरा वाहून नेते, वीज साय विरघळवते. लेसरचा थोडा जोर पाण्यात जातो, पण ते परवडतं. साय दर वेळी पूर्ण जातेच असं नाही, म्हणून तर माझी नोकरी आहे.

या कामात येणाऱ्या मुलींना एक सांगते. त्या पाण्यात निकेल, क्रोमियम उतरतं, आणि क्रोमियमचं एक रूप फार विषारी असतं. हातमोजे घालाच. गाळ नाल्यात सोडायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. हत्यारापाशी हायड्रोजन वायू सुटतो, तो पेट घेतो. पंखा बंद असेल तर मशिन सुरू करू नका.

ती तडा गेलेली पट्टी अजून माझ्या टेबलावर आहे. नव्या मुलीला आधी तीच देते, वरून बघायला.