कुलूप आपलं, खर्चही आपलाच

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातात माइक दिला की तो व्याजदरावर बोलणार, असं तुम्ही धरून चालला असाल. आज व्याजदर नाही. आज मी कुलपाबद्दल बोलणार आहे, आणि कुलूप लावायला शिकवण्यासाठी जो खर्च येतो त्याबद्दल.

आपली सोसायटी २००० सालची. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. म्हणजे दोघेही एकाच वयाचे. तेव्हा नगरला महानगरपालिकासुद्धा नव्हती, ती २००३ साली झाली. नवरात्रात सगळं घर रेणुकामातेच्या दर्शनाला निघालं की आपण दाराला कुलूप लावायचो आणि किल्ली शेजारी द्यायचो. काळजी संपली! आज तिजोरी दाराआड नाही, खिशात आहे. पेन्शन, एफडी, नातवाचे फोटो, डॉक्टरांचे रिपोर्ट, सगळं त्या फोनमध्ये.

या तिजोरीच्या कुलपाला एन्क्रिप्शन म्हणतात. घाबरू नका, तुम्ही सगळ्यांनी ते लहानपणी केलेलं आहे. 'च'ची भाषा आठवते? 'मला पाणी दे' याचं 'चला म, चाणी पा, चे द'. मोठ्यांना कळू नये म्हणून आपण बोलायचो आणि मोठे गालातल्या गालात हसायचे, कारण युक्ती त्यांनाही ठाऊक होती. युक्ती कळली की गुपित संपलं. हे झालं कच्चं कुलूप. पक्क्या कुलपात युक्ती जगजाहीर असते, गुप्त असते ती फक्त किल्ली. आज बँका वापरतात त्या एईएस पद्धतीचं गणित अमेरिकेने २००१ साली प्रमाण म्हणून जाहीर केलं. कोणीही वाचावं. पण किल्ली नसेल तर नुसतं वाचून काही उपयोग नाही.

आमच्या काळी तारेने पैसे पाठवायचे, म्हणजे टीटी. रक्कम, तारीख, शाखा यांच्या ठरलेल्या आकड्यांची बेरीज करून एक गुप्त आकडा तारेत घालायचा. त्याचे तक्ते अधिकाऱ्याच्या कुलपात. समोरच्या शाखेने तीच बेरीज करायची, जुळली तरच पैसे द्यायचे. आणि स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. तार २०१३ मध्ये बंद झाली, पण तत्त्व तेच आहे: निरोप झाकलेला हवा आणि तो खऱ्या माणसाकडून आलाय याची खूणही हवी.

आता मुद्द्याचं. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप २०१६ पासून या टोकापासून त्या टोकापर्यंत कुलूपबंद असतो. पण कुलूप रस्त्याचं असतं, माणसाचं नसतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. गुन्हेगारांनी व्यवहाराला मंजुरी देणारी बनावट यंत्रणाच उभी केली होती. कुलूप फोडण्यापेक्षा किल्लीवाला बनावट करणं सोपं! आपल्याच सोसायटीतल्या एका भगिनींना मागच्या वर्षी 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे' असा व्हिडिओ कॉल आला. त्या एफडी मोडायला बँकेत गेल्या. काउंटरवरच्या मुलीने 'काकू, एवढी घाई कशाची?' असं विचारलं म्हणून वाचल्या. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. फसवणूक झाली तर तास न दवडता १९३० ला फोन करायचा. हे त्यांना आधी कोणी शेजारी बसून सांगितलं असतं तर त्या दोन रात्री तरी झोपल्या असत्या.

काही मंडळी म्हणतील, शिबिरं तर बँका घेतातच. खरं आहे. दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. तो निधी २०१४ चा, त्याच्या नावातच ठेवीदारांचं शिक्षण आहे. (घाबरू नका, वारसाने मागितली तर ठेव परत मिळते. घरात जुनं पासबुक असेल तर शोधा.) पुण्याच्या क्विक हील फाउंडेशनच्या उपक्रमात कॉलेजची मुलं शाळाशाळांत जाऊन सायबर सुरक्षा शिकवतात. तो खर्च कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा. २०१२ साली ऑस्ट्रेलियातून 'क्रिप्टोपार्टी' नावाची चळवळ निघाली, ती आणखी साधी: जाणकाराने यायचं, लोकांनी आपापला फोन घेऊन बसायचं, फी नाही.

आपल्याला हे तिसरं जमण्यासारखं आहे. भाषण ऐकून कुलूप लागत नाही, हात धरून लावावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन, बॅकअपला वेगळं कुलूप (हे आपणहून चालू करावं लागतं), आणि भाडेकरूचं आधारकार्ड ग्रुपवर टाकायचं नाही. सोसायटीच्या संगणकातली सभासदांची यादीसुद्धा आज उघडी पडली आहे, हेही सांगून ठेवतो.

पैसे कुठून आणायचे? महाराष्ट्राला हे नवीन नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. व्याख्यानांवर पैसा खर्च करावा, हे आपल्याकडे दीडशे वर्षांपासून मान्य आहे. प्रवरानगरला शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून साखर कारखाना उभा केला, तोही आपल्याच जिल्ह्यात. मग एका मेळाव्याचं काय घेऊन बसलात? हॉल आपला, खुर्च्या आपल्या. खर्च चहाचा, मराठीत छापलेल्या एका पानाचा आणि शिकवणाऱ्याच्या मानधनाचा. दर घरटी वर्षाला शंभर रुपये, बस्स.

मात्र माझ्या तीन अटी आहेत. पहिली, प्रायोजक चालेल, पण हजेरीपटावरचे फोन नंबर त्याला मिळणार नाहीत. गुप्तता शिकवायच्या कार्यक्रमात नंबर वाटायचे, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या चाव्या. दुसरी, हिशोब आठ दिवसांत नोटीस बोर्डावर. तिसरी, वॉचमन आणि कामाला येणाऱ्या मावशी यांना पहिल्या रांगेत जागा. त्यांच्याही खात्यात घामाचा पैसा आहे.

आणखी एक. सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारने एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला. नागरिकांनीही आपले निरोप ९० दिवस उघड्या स्वरूपात जपून ठेवावेत, असं त्यात होतं. लोकांनी ओरड केली आणि काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. गुन्हेगार पकडायला पोलिसांना माहिती लागते, हे मी नाकारत नाही. पण कोणतं कुलूप कोणासाठी उघडायचं, यावर मत द्यायचं तर आधी कुलूप समजलं पाहिजे. त्यासाठीही हा मेळावा हवा.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. विरोध असेल त्यांनी जरूर यावं, कारण त्यांच्याही फोनला पिन नसेल असा माझा अंदाज आहे! बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर ज्येष्ठ म्हणून सांभाळून घ्या.