कात्री लावण्यापूर्वी



एबेनेझर बटरिक या अमेरिकन शिंप्याने 1863 साली निरनिराळ्या मापांची कागदी कटिंगे विकायला काढली. घरच्या घरी कपडे बेतणे त्यामुळे सोपे झाले. असे एखादे जुने पाकीट हाती आले तर रद्दी समजू नका. पण घाईही करू नका.

पाकिटावरच्या नंबरावर विसंबू नका, इंच पाहा. 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकन 14 नंबर म्हणजे 34 इंच छाती; 1968 नंतर त्याच नंबराला 36 इंच. शिवाय हे माप अंगाचे असते, तयार कपड्याचे नव्हे.

फार जुन्या कागदांवर छपाई नसते, नुसती भोके आणि खाचा असतात. त्यांचा अर्थ सोबतच्या पत्रकात सापडतो. शिवणीची माया धरली आहे की नाही, हेही तेथेच पाहावे.

मूळ कागद न कापता दुसऱ्या कागदावर उतरवून घ्या. मग मांजरपाटावर बेतून अंगाला लावून पाहा.

मी एकदा हे टाळले. धाकट्या बहिणीच्या लग्नाचे कापड थेट कापले आणि मुंढा तंग झाला. आई काहीच बोलली नाही. तेच मनाला जास्त लागले.

मुलींनो, शाळेत शिकलेले वाचणे आणि मोजणे कात्रीच्या आधी वापरा. आणि पालकहो, मुलीने मांजरपाटाचा तुकडा मागितला तर उधळपट्टी म्हणू नका. तो तुकडाच चांगले कापड वाचवतो.