त्वचेवरील शिंगे : निदान आणि उपचार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी रोगांविषयी बोलावे की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. परंतु आजचा विषय असा आहे की, त्याचे नाव ऐकताच श्रोत्यांना प्रथम हसू येते; आणि या हसण्यापायीच रोगी वैद्याकडे उशिरा येतो. म्हणून तो मुद्दाम निवडला.

माणसाला शिंग फुटणे ही आपल्याकडे बोलण्याची एक रीत आहे. न्यायशास्त्रात अशक्य गोष्टीचे उदाहरण म्हणून 'शशशृंग', म्हणजे सशाचे शिंग, सांगतात. आपल्या या छत्तीसगडात मात्र शिंगाला मान आहे. महानदीच्या उगमाजवळ सिहाव्याच्या डोंगरावर शृंगी ऋषींचे स्थान दाखवितात, आणि बस्तरचे दंडामी माडिया गौराची शिंगे मस्तकी धारण करून नृत्य करतात. परंतु शिंग जेव्हा खरोखरच माणसाच्या कातडीतून वर येते, तेव्हा ना हसू उपयोगी पडते, ना भक्तिभाव.

या व्याधीला आपण 'त्वचाशृंग' म्हणू. गाईबैलांच्या शिंगात हाडाचा गाभा असतो. त्वचाशृंगात तो नसतो. आपली नखे आणि केस ज्या केराटिन नामक द्रव्याचे बनतात, त्याच द्रव्याचे थरावर थर साचून हा कठीण, पिवळसर-तपकिरी सुळका तयार होतो. चेहरा, कान, टाळू, हाताची पाठ अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या जागी आणि बहुधा उतारवयात तो दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमधील एका वृद्धेच्या कपाळावर सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचे शिंग होते. त्याची मेणाची प्रतिकृती फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आहे. इतक्या दूर कशाला, जुन्या मध्यप्रांतातील सागर येथे २०१९ साली एका वृद्ध गृहस्थांच्या डोक्यावरील सुमारे ४ इंचांचे शिंग शस्त्रक्रियेने काढण्यात आले. डोक्यास मार लागल्यावर ते वाढू लागले होते, आणि कित्येक दिवस न्हाव्याकडून ते कापून घेण्यावरच भागले होते.

येथेच आमच्या विषयाचे मर्म आहे. शिंग हा रोग नव्हे, रोगाची ती केवळ खूण होय. रोग असतो तो त्याच्या बुडाशी. तेथे साधी चामखीळ असू शकते, वार्धक्यातील निरुपद्रवी जाडसर डाग असू शकतो, कर्करोगाची पूर्वावस्था असू शकते, किंवा प्रत्यक्ष कर्करोगही असू शकतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६४३ त्वचाशृंगे तपासली, तेव्हा सुमारे ३९ टक्क्यांच्या मुळाशी कर्करोग अथवा त्याची पूर्वावस्था आढळली. तो अभ्यास गौरवर्णीयांच्या देशातला. आपल्या सावळ्या कातडीला उन्हापासून अधिक संरक्षण असल्याने ते प्रमाण येथे जसेच्या तसे लागू करू नये. परंतु आपल्याकडे दुसरी कारणे आहेत. भाजल्याच्या जुन्या व्रणात आणि वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेत कर्करोग उद्भवतो. अंबागढ चौकीजवळच्या कौडीकसा परिसरातील भूजलात सोमल, म्हणजे आर्सेनिक, आढळला आहे. असे पाणी दीर्घकाळ पिण्यात आल्यास तळहात-तळपायांवर कठीण पुटकुळ्या येतात, आणि पुढे त्वचेचा कर्करोगही संभवतो.

शशशृंगाचीही गंमत पाहा. अमेरिकेतील रानसशांच्या अंगावर शिंगासारख्या वाढी दिसत. त्या एका विषाणूमुळे होतात, असे १९३३ साली रिचर्ड शोप यांनी दाखविले; आणि त्यांतील काहींचे रूपांतर कर्करोगात होते, हे पुढे सिद्ध झाले. नैयायिकांनी ज्याला अशक्य म्हटले, त्यानेच शास्त्रज्ञांना कर्करोगाचे एक कारण शिकविले.

आता आमची एक चूक सांगतो. आम्ही नुकताच व्यवसाय आरंभला होता. एक आजोबा आले. कानाच्या पाळीवर बोटाच्या पेराएवढे शिंग. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नातवाची मुंज आहे. लोक हसतात. एवढे उडवून टाका." आम्ही जागा बधिर केली, शिंग कातडीलगत कापले, पट्टी बांधली. कापलेले शिंग केराच्या टोपलीत गेले. मुंज थाटात झाली. चौदा महिन्यांनी आजोबा पुन्हा आले, ते कानाखाली गाठ घेऊन. तीही काढली, क्ष-किरणांचे उपचारही झाले; परंतु पुढली दिवाळी त्यांना दिसली नाही. ते बूड त्या दिवशी भिंगाखाली गेले असते, तर कदाचित वेगळे घडले असते. हा 'कदाचित' आम्ही अजून बाळगून आहोत.

म्हणून निदानाचा नियम एकच : शिंग बुडासकट काढावे, फॉर्मलिनमध्ये घालून ऊतिपरीक्षेसाठी पाठवावे, आणि अहवाल हाती येईपर्यंत उपचार पुरा झाला असे मानू नये. बूड रुंद, लालसर वा टणक असेल, दुखत असेल, रक्त येत असेल, वाढ झपाट्याने होत असेल, तर संशय बळावतो. पण ही लक्षणे नाहीत म्हणून निश्चिंत राहणेही योग्य नव्हे. बहुधा जागा बधिर करून होणारी ही लहानशी शस्त्रक्रिया आहे. मूळ निरुपद्रवी निघाले, तर एवढ्यावर काम संपते. कर्करोग निघाला, तर सभोवतालची काही मिलिमीटर निरोगी कातडीही काढावी लागते, लसिकाग्रंथी तपासाव्या लागतात, आणि क्वचित किरणोपचार द्यावे लागतात. वेळीच हाती आलेला हा कर्करोग बहुतांशी पूर्ण बरा होतो.

घरी घोड्याचा केस बांधणे, चुना-सोडा लावणे, वस्तऱ्याने छाटणे हे कटाक्षाने टाळावे. शेतात जाताना डोक्याबरोबर कान आणि मानही गमछ्याने झाकावी. या रायपुरातच मेकाहारा आहे, एम्स आहे. तपासणीसाठी आता नागपूर-मुंबई गाठावी लागत नाही.

मंडळातील आपण सारे एकमेकांच्या घरी जातो-येतो. एखाद्या वडीलधाऱ्यांच्या कानावर वा कपाळावर असे काही दिसले, तर हसू नका, आणि दिसलेच नाही असेही करू नका. त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि काढलेले शिंग तपासणीला गेले की नाही, एवढे डॉक्टरांना अवश्य विचारा. त्या दिवशी आम्हाला कोणी हा प्रश्न विचारला नाही. आपण तो विचारावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.